दोन सॉकेट, एक पोर्ट आणि कर्नलची तक्रारच नाही: बाइंडची दुरुस्ती नक्की कुठे करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोर्डावरचा लिनक्स कर्नल ५.१५ वरून ६.१ वर नेला. एक जावा सर्व्हर आपल्या सॉकेटने (प्रोग्रामचं नेटवर्कशी जोडायचं टोक) १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, ठरावीक पोर्ट धरून बसतो. नंतर सी मध्ये लिहिलेला दुसरा सर्व्हर चुकून तोच पत्ता, तोच पोर्ट मागतो. आधी त्याला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून परत पाठवलं जायचं, आता बाइंड (पत्ता-पोर्टावर नाव नोंदणं) होतं, लिसनही (जोडण्यांसाठी कान देऊन बसणं) होतं, आणि जावा सर्व्हर मुका होतो. तुम्ही बाइंडच्या सिस्टिम कॉलमध्ये एक जादा तपासणी घातली. तिने निम्म्या वेळा काम भागतं, निम्म्या वेळा नाही.

आधी त्या पॅचबद्दल बोलतो. तो काढून टाका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालंय ते.

कारण असं की बाइंड कॉलच्या तोंडाशी पत्ता, परवानगी आणि कुटुंब (पत्ता आयपीव्ही४ चा की आयपीव्ही६ चा; पुढे नुसतं व्ही४, व्ही६) तपासलं जातं: हा पत्ता या मशीनचा आहे का, १०२४ च्या खालचा पोर्ट मागायचा हक्क आहे का वगैरे. ‘हा पोर्ट दुसऱ्याने घेतलाय का’ हा निर्णय तिथे होतच नाही. तो प्रोटोकॉलच्या गेट-पोर्ट फंक्शनमध्ये होतो, टीसीपीसाठी ‘आयनेट_सीएसके_गेट_पोर्ट’. ते हॅश बकेटचं (सारख्या किल्लीच्या नोंदींचा कप्पा) कुलूप हातात धरून शोधतं आणि कुलूप न सोडता नोंद घालतं. तुम्ही कुलपाबाहेर शोध घेता, ‘मोकळा आहे’ म्हणता, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोअरवरचा प्रोसेस आत शिरून बसतो. चार कोअरच्या बोर्डावर निम्म्या वेळा फसतं ते यामुळे. शिवाय लिसन कॉलसुद्धा पोर्टची तपासणी पुन्हा करतो, आणि बाइंड न करताच लिसन केलं तर कर्नल स्वतः पोर्ट निवडतो. त्या वाटेवर तुमचा पॅच उभाच नाही.

आता खरं दुखणं.

५.१५ मध्ये टीसीपीच्या बाइंडची एकच टेबल होती, बी-हॅश. तिची किल्ली फक्त पोर्ट (आणि नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे मशीनमधलं स्वतंत्र नेटवर्क-जग). पोर्ट ४४३ म्हटलं की त्या नेमस्पेसमधले ४४३ वरचे सगळे सॉकेट, पत्ता कोणताही असो, एकाच बकेटमध्ये रांगेत. नवीन सॉकेट आला की सगळी रांग चालायची आणि प्रत्येकाशी पत्ता ताडून बघायचा. अगदी साधी पद्धत, आणि म्हणूनच बरोबर. पण एकाच पोर्टवर हजारो पत्ते बांधणाऱ्या मोठ्या सर्व्हरवर ती रांग स्पिनलॉक (बकेटचं कुलूप) धरून चालणं परवडत नव्हतं. नवीन जोडणी स्वीकारतानाही तेच कुलूप लागतं, त्यामुळे एका बाइंडपायी येणाऱ्या जोडण्या खोळंबायच्या.

म्हणून बी-हॅश-२ आली: पोर्ट अधिक पत्ता अशी दुहेरी किल्ली. २०२२ मध्ये ती एकदा मुख्य झाडात (लिनक्सच्या मूळ सोर्स कोडमध्ये) गेली आणि परत काढावी लागली, कारण सॉकेटचा पत्ता आयुष्यभर एकच राहत नाही हे निसटलं होतं. ०.०.०.० (‘कोणताही पत्ता’) वर बांधलेला सॉकेट कनेक्ट केला की कर्नल त्याला खरा पत्ता देतो. किल्ली बदलली, पण सॉकेट जुन्याच बकेटात. ती दुरुस्ती करून बी-हॅश-२ पुन्हा आली ती ६.१ मध्ये. म्हणजे तुम्ही नेमके त्या उंबरठ्यावर अडखळलात.

टेबल बदलली की प्रश्न बदलतो, हे इथे नीट समजून घ्या, बाकीचं सगळं यातून निघतं. जुन्या टेबलमध्ये बकेट सापडणं म्हणजे फक्त ‘पोर्ट जुळला’. पत्त्याची तुलना पुढे सॉकेट-सॉकेटमध्ये व्हायची, आणि ते तुलनेचं फंक्शन अनेक वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. वाइल्डकार्ड (‘कोणताही पत्ता’, म्हणजे ०.०.०.० किंवा ::), फक्त-व्ही६ (व्ही४ ला हात न लावणारे सॉकेट), मॅप्ड पत्ते (ते खाली सांगतो), सगळं त्याला माहीत. नव्या टेबलमध्ये बकेट सापडणं म्हणजेच ‘पत्ता जुळला’. म्हणजे पत्त्यांची टक्कर ओळखायचं काम तुलनेच्या फंक्शनकडून बकेट शोधणाऱ्या फंक्शनकडे गेलं, आणि ते फंक्शन नवखं होतं. ते पहिल्याच ओळीत विचारायचं: सॉकेटचं कुटुंब आणि बकेटचं कुटुंब वेगळं? मग जुळत नाही, परत जा.

कुटुंब वेगळं म्हणजे पत्ता वेगळा, ही ती चूक.

जावा काय करतं बघा. आयपीव्ही६ चालू असलेल्या लिनक्सवर ते आयपीव्ही६ चा सॉकेट उघडतं, आणि तुम्ही १२७.०.०.१ सांगितलंत तर तो पत्ता ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ असा व्ही६ च्या पोशाखात बांधतं. याला मॅप्ड पत्ता म्हणतात: सोळा बाइटांपैकी पहिले दहा शून्य, पुढचे दोन सगळे एक, शेवटच्या चारांत व्ही४ चा पत्ता. माणूस तोच, फक्त सदरा वेगळा. तुमचा सी सर्व्हर साधा व्ही४ सॉकेट घेऊन १२७.०.०.१ मागतो. दोघांच्या किल्लीचा हॅश सारखाच येतो. तिथे चूक नाही, हॅश करणारं फंक्शन मॅप्ड पत्त्याचे शेवटचे चार बाइटच घेतं. दोघे एकाच साखळीत येतात, अगदी शेजारी. पण जुळवणी म्हणते कुटुंब वेगळं. बकेट सापडत नाही, म्हणून कर्नल कोरं बकेट बनवतो, त्या कोऱ्या बकेटात टक्कर शोधतो, अर्थातच कोणी सापडत नाही, आणि दुसऱ्या सॉकेटला ‘या, बसा’ म्हणतो.

आता क्रम उलटा करून बघा. सी सर्व्हर आधी, जावा नंतर. जावाला एरर येते, अगदी पूर्वीसारखी! तुमच्या वर्णनात ‘निम्म्या वेळा काम भागतं’ हे जे आहे, त्याचा अर्धा उलगडा इथे आहे. येणारा सॉकेट मॅप्ड असेल तर ६.१ बी-हॅश-२ वर विसंबत नाही, जुन्या टेबलवर जाऊन सगळी रांग चालतो. म्हणून बूटच्या वेळी कोणता सर्व्हर आधी उठला यावर निकाल ठरतो. क्रमावर अवलंबून असलेला बग लोक ‘टायमिंगचा’ म्हणून बाजूला ठेवतात आणि स्क्रिप्टमध्ये पाच सेकंदांची झोप घालतात. मीही एकदा घातली होती. एका राउटरच्या कामात मॉनिटरिंगचा डीमन ‘सर्व्हर जिवंत आहे’ असं सांगत राहिला आणि प्रत्यक्षात उत्तर देत होता भलताच प्रोसेस. तीन दिवस गेले.

जावाच मुका का होतो, सी सर्व्हर का नाही? जोडणी आली की कर्नल ऐकणाऱ्या सॉकेटांना गुण देतो आणि जास्त गुणवाल्याला जोडणी मिळते. व्ही४ ची जोडणी असेल तर व्ही४ कुटुंबाच्या सॉकेटला एक गुण जादा. दोन्ही सॉकेट त्याच पत्त्याचे, त्यामुळे तो एक गुण निर्णायक. प्रत्येक जोडणी सी कडे. जावाला ना एरर, ना जोडणी, लॉगमध्ये एक अक्षर नाही. लक्षात घ्या, दुसरा प्रोसेस वेगळ्या वापरकर्त्याचा असला तरी हेच होतं. १०२४ च्या वरचा पोर्ट असेल तर कोणीही सामान्य वापरकर्ता तुमच्या स्थानिक सर्व्हरच्या जोडण्या स्वतःकडे वळवू शकतो. हा नुसता गैरसोयीचा बग नाही, सुरक्षेचा आहे, आणि तुमच्या मॅनेजरला पटवायचं असेल तर या बाजूने पटवा.

दुरुस्तीकडे येतो. मुख्य झाडात ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली, ६.६ च्या आधी. पहिलं काम म्हणून तुमच्या बोर्डाच्या कर्नल-झाडात ती आहे का ते बघा. बोर्ड बनवणारे बहुतेकदा ६.१ ची एखादी सुरुवातीची आवृत्ती घेतात आणि तिथेच घर बांधतात. असेल तर काही करायला नको. नसेल तर स्वतः काही लिहू नका, स्टेबल शाखेतून (जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरवणारी अधिकृत शाखा) उचला. उचलताना आसपासचा कोड जुळत नसेल, तर हाताने करायची गोष्ट एवढीच.

बकेट जुळवणाऱ्या फंक्शनमध्ये कुटुंब वेगळं दिसलं की लगेच ‘नाही’ म्हणू नका. सॉकेट व्ही४ चा आणि बकेट व्ही६ चं असेल तर विचारा: बकेटचा पत्ता मॅप्ड आहे का, आणि त्याचे शेवटचे चार बाइट सॉकेटच्या पत्त्याइतकेच आहेत का? दोन्ही हो, तर जुळलं. सॉकेट व्ही६ चा आणि बकेट व्ही४ चं असेल तर हेच उलट बाजूने. एवढ्याने बकेट सापडतं, आत जावाचा सॉकेट दिसतो, टक्कर ओळखली जाते. वाइल्डकार्डचं बकेट शोधणारं भावंड फंक्शन शेजारीच आहे, त्यातही ::एफएफएफएफ:०.०.०.० ओळखायची अट घाला. नाहीतर ‘सगळे व्ही४ पत्ते’ म्हणून मॅप्ड सदऱ्यात बसलेल्या सॉकेटशी १२७.०.०.१ ची टक्कर सापडणार नाही.

या वाइल्डकार्डच्या बाबतीत एक गंमत आहे. बकेटच्या रचनेत व्ही४ आणि व्ही६ चा पत्ता एकाच जागेवर, युनियनमध्ये, ठेवलेला होता. व्ही६ म्हणून लिहिलेला ::एफएफएफएफ:०.०.०.० कोणी व्ही४ म्हणून वाचला तर वाचले जातात पहिले चार बाइट, आणि ते शून्य. म्हणजे ०.०.०.०. विकासाच्या सुरुवातीच्या टप्प्यात तुलना अशी चुकीची होती म्हणूनच ही टक्कर सापडत होती! मग कोणीतरी तुलना नीट केली, आणि योगायोगाने चालणारी गोष्ट बंद पडली. बायसेक्ट (बग कोणत्या बदलाने आला हे बदलांची यादी निम्मी-निम्मी करत शोधणं) केलंत तर बोट त्या दुरुस्तीकडे दाखवलं जाईल. बायसेक्टवर आंधळा विश्वास ठेवून ती दुरुस्ती उलटवू नका.

हाताने पॅच घालताना दोन गोष्टी सांभाळा. एक, हा सगळा कोड आयपीव्ही६ च्या कॉन्फिगच्या अटीआड आहे. आयपीव्ही६ बंद ठेवूनही एकदा बिल्ड करा, नाहीतर तुमच्या टीममधला ज्याचा लहान बोर्ड आहे तो सकाळी शिव्या देईल. दोन, या बदलानंतर एका बकेटमध्ये दोन्ही कुटुंबांचे सॉकेट राहू शकतात, उदाहरणार्थ दोघांनीही पत्ता-पुनर्वापराचा पर्याय, म्हणजे रियूज-ॲड्रेस, घेतला असेल तेव्हा. म्हणून ‘बकेटचं कुटुंब’ वाचणारी प्रत्येक जागा ग्रेप करून बघा. तिथे ‘आतले सगळे याच कुटुंबाचे’ असं गृहीत धरलेलं असेल तर ते आता खोटं आहे.

खरं सांगायचं तर मला ही दुरुस्ती ठिगळासारखी वाटते. दोन कुटुंबं, दोन पोशाख, आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळी अट. पुढे ६.८ मध्ये जे केलं ते मला जास्त पटतं: बकेटमध्ये कुटुंब ठेवणंच बंद केलं आणि व्ही४ चा पत्ताही मॅप्ड रूपातच साठवायला सुरुवात केली. सगळ्यांना एकच सदरा घातला की तुलना म्हणजे सोळा बाइटांची बरोबरी, बस. त्याचबरोबर मॅप्ड पत्त्यांनाही बी-हॅश-२ चा वेगवान रस्ता खुला केला.

आणि तिथेच उलट्या दिशेचा बग आला. व्ही६ चं वाइल्डकार्ड (::) ‘फक्त-व्ही६’ पर्यायासह बांधलं आणि मग त्याच पोर्टवर ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ मागितलं, तर दोघांचं काही भांडण नाही. पहिला व्ही४ ला हातच लावत नाही. पण कर्नल दुसऱ्याला अडवायला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी. फक्त-व्ही६ सॉकेटला वगळायची अट साध्या व्ही४ सॉकेटसाठी होती, मॅप्डसाठी घालायची राहिली होती. मार्च २०२४ मध्ये ते सुधारलं, ६.९ च्या आधी. ६.८ ची साफसफाई मागे आणणार असाल तर ही दुरुस्ती बरोबर आणा. माझा सल्ला विचाराल तर ६.१ वर साफसफाई आणूच नका, छोटं ठिगळ पुरे. उत्पादनातल्या बोर्डावर सौंदर्यदृष्टी दाखवू नये.

आता तपासणी, आणि इथे मी जरा हट्टी आहे. तुम्ही तुमच्या एका जोडीवर तपासून पॅच बंद करणार, हे मला दिसतंय. तसं करू नका. सात पत्ते घ्या: ०.०.०.०, १२७.०.०.१, ::, ::१, दोन्ही व्ही४ पत्त्यांची मॅप्ड रूपं, आणि सातवा फक्त-व्ही६ पर्यायासह ::. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी, दोन्ही क्रमांनी. स्वतःशी जोडी धरून एकोणपन्नास. पहिला सॉकेट पोर्ट शून्यावर बांधा, कर्नलने दिलेला पोर्ट गेटसॉकनेमने विचारा, दुसऱ्याला तोच द्या. पायथनमध्ये तीसेक ओळी होतात. नवीन नेटवर्क नेमस्पेसमध्ये चालवा म्हणजे मशीनवरचे बाकीचे सर्व्हर लुडबूड करणार नाहीत, आणि आत लूपबॅक चालू करायला विसरू नका, नाहीतर ::१ वर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ येईल आणि तुम्ही तासभर भलतीकडे शोधाल.

अपेक्षित उत्तर कुठून आणायचं? कागदावर लिहून काढू नका, चुकेल. ५.१५ ला साक्षीदार करा. तो प्रत्येक सॉकेटशी ताडून बघणारा जुना, संथ, बरोबर कर्नल आहे. तीच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवा आणि निकालांचा डिफ (फरकांची यादी) घ्या. डिफ कोरा आला पाहिजे. शिवाय प्रत्येक जोडीचा निकाल उलट्या क्रमाच्या जोडीशी ताडून बघा. पर्याय सारखे असतील तर ‘अ नंतर ब’ आणि ‘ब नंतर अ’ यांत फरक पडायला नको. ही एक तपासणी २०२२ सालीच केली असती तर वरचे बहुतेक बग लोकांपर्यंत पोचलेच नसते. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये आता ‘बाइंड_वाइल्डकार्ड’ नावाची चाचणी आहे. ती या अपघातांतूनच वाढत गेली. ताज्या झाडातली घेऊन तुमच्या कर्नलवर चालवा.

मग तीच एकोणपन्नासची फेरी रियूज-ॲड्रेस लावून. इथे फसू नका: दोन्ही सॉकेटांनी तो पर्याय घेतला असेल आणि दोघांपैकी कोणीच ऐकत नसेल, तर बाइंड यशस्वी होणं हेच बरोबर वागणं आहे. टक्कर एकाने लिसन केल्यावर दिसायला हवी. जावाचा सर्व्हर-सॉकेट लिनक्सवर हा पर्याय आपणहून लावतो, म्हणून तुमच्या खऱ्या प्रसंगात बाइंड आणि लिसन दोन्ही तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. रियूज-पोर्ट (३.९ पासून आहे तो) लावला तर एकाच वापरकर्त्याच्या सॉकेटांना एकत्र बसू द्यायचं असतं, वेगळ्या वापरकर्त्यांच्या नाही. ती फेरी दोन वापरकर्ते घेऊन करा.

टाइम-वेटची (जोडणी बंद झाल्यावर सॉकेट काही काळ रेंगाळतो ती अवस्था) एक फेरी वेगळी. ६.१ मध्ये टाइम-वेटमध्ये गेलेले सॉकेट बी-हॅश-२ मध्ये नोंदलेच जात नव्हते. म्हणजे जोडणी बंद करून लिनक्सच्या साठ सेकंदांच्या आत तोच पत्ता-पोर्ट रियूज-ॲड्रेसशिवाय मागितला तर एरर यायला हवी, ती येत नव्हती. दुरुस्ती ६.२ च्या वेळी झाली. तुमच्या झाडात बघताना हीही शोधा, कारण ती आणल्यावर रियूज-ॲड्रेस न लावणारा तुमचा एखादा जुना सर्व्हर पुन्हा सुरू करताना कुरकुरेल. तेव्हा दोष कर्नलला देऊ नका, त्या सर्व्हरमध्ये पर्याय लावा.

यूडीपीची (टीसीपीचं जोडणी न बांधणारं भावंड) काळजी या प्रकरणात नको. त्याची बाइंडची वाट वेगळी आहे आणि तिथे पत्त्याची तुलना अजूनही सॉकेट-सॉकेटमध्ये होते. पण फेरी चालवायला पाच मिनिटं लागतात, तर चालवून टाका.

कर्नल बदलायला तुम्हाला दोन-तीन आठवडे लागणार असतील तर तोवर जावाला ‘प्रिफर आयपीव्ही४ स्टॅक’ हा सिस्टिम पर्याय खरा करून चालवा. मग तो साधा व्ही४ सॉकेट उघडेल, दोघांचं कुटुंब एक होईल आणि ६.१ सुद्धा टक्कर बरोबर ओळखेल. लागू झालं का हे एसएस कमांडने लिसनिंग सॉकेट बघून कळेल: पत्त्याच्या आधी एफएफएफएफ दिसत असेल तर पर्याय पोचलेला नाही. एखादी रॅपर स्क्रिप्ट तो वाटेतच गिळते, हे मी दोनदा पाहिलंय.

आणि तुमचा तो बाइंडमधला पॅच उलटवताना कमिट मेसेजमध्ये कारण लिहा. सहा महिन्यांनी कोणीतरी, बहुधा तुम्हीच, तो पुन्हा घालायला निघाल.